पिवळीची डावी बाजू

११ फेब्रुवारी

रेघोट्या,

आशीर्वाद शेवटी लिहीन, तोवर राग उतरला तर. फोन का केला नाही असं विचारू नकोस. फोनवर आपण दोघंही समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत ओरडतो, आणि मग आधी फोन कोण आपटतो याची शर्यत लागते. कागदावर तुला मध्ये तोंड घालता येत नाही. म्हणून कागद.

तुझी गाडी पाहिली.

आपल्याकडे एक दातांचा डॉक्टर येतो. स्वतःच्याच फाटकावर गाडी मागे घेऊन आदळतो आणि माझ्या पोटापाण्याची सोय करतो. आज मी त्याच्या दाराचा पोचा काढत होते आणि तो स्टुलावर बसून हातातल्या यंत्रावर शर्यतीचा गेम खेळत होता. सहज मान वर केली तर पडद्यावर पिवळी. आपली पिवळी! जिला जन्मात रस्ता माहीत नाही, जी शेडमध्ये भिंतीला टेकून धूळ खातेय, ती डोंगरातल्या वळणांवरून सुसाट सुटलेली. हातोडी पायावर पडली. बूट होते म्हणून निभावलं.

डॉक्टर म्हणाला, "ही तोरेल्ला. अशी खरी गाडी नसते हां, ताई. बनवणाऱ्यांनी डोक्यातून काढलीये."

डोक्यातून! मी म्हटलं, "डॉक्टर, जरा थांबवा आणि सगळीकडून फिरवून दाखवा." त्याने फिरवली. उजवीकडचं पुढचं मडगार्ड बघितलं. बाबांचा हात जसाच्या तसा. मग गाडी वळली आणि डावीकडेही तेच मडगार्ड. तोच फुगवटा, तीच धार. चाकामागच्या माझ्या तीन चिरा गायब. आणि मागे बघते तर पेट्रोलचं झाकण दोन्ही बाजूंना! दोन टाक्या आहेत का रे गाडीला? एकीत पेट्रोल, दुसरीत काय, रॉकेल?

मी शाळेत तुझ्याइतकी चमकले नसेन, पण एवढं मला कळतं. पिवळीची डावी बाजू भिंतीकडे आहे. कुणीतरी शेडमध्ये येऊन दिसली तेवढी उजवी बाजू टिपली आणि आरसा धरावा तशी तीच पलीकडे चिकटवली. शेडच्या किल्ल्या दोन. एक माझ्या कमरेला, एक आत्याकडे. आत्याला विचारलं तर ती इतक्या लगबगीने स्वयंपाकघरात पळाली की उत्तर मिळालंच. म्हणजे तू इथवर आलास, मी पत्रा आणायला गेलेली बघून शेडमध्ये शिरलास आणि मला तोंड न दाखवता परत गेलास. शाब्बास.

उजवी बाजू बाबांनी ठोकली. त्यांच्या हाताची पकड गेली, तू तिकडे पडद्यावर गाड्या काढायला निघून गेलास, आणि डावी बाजू मी एकटीने ठोकली. ती तू पुसून टाकलीस. बाबांच्या अंत्यविधीला येऊन संध्याकाळीच परत गेलास तेव्हा लागलं नव्हतं इतकं आज लागलं.

मला माफीबिफी नको. माझी बाजू हवी. त्या गेममध्ये, माझ्या चिरांसकट.

तुझी ताई

ता. क. आशीर्वाद नाहीत.


२३ फेब्रुवारी

रेघोट्या,

तुझं पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच, मुंग्या चालल्यासारखं. पण लिहिलंस हे बरं केलंस.

तर तुमच्या धंद्यात गाडी अर्धीच घडवतात. उरलेली अर्धी संगणक उलटी करून चिकटवतो, सगळ्यांच्याच गाड्या तशा, त्यात माझा अपमान करायचा हेतू नव्हता, असं तू म्हणतोस. ठीक आहे, हेतू नव्हता. पायावर पाय देणाऱ्याचाही हेतू नसतो, तरी आपण "आई गं" म्हणतोच ना?

गाड्या कशा जुळवता ते मात्र मी दोनदा वाचलं. आत्यालाही वाचून दाखवलं. नाक इटलीच्या जुन्या शर्यतीच्या गाडीचं, मागचा भाग जर्मनीचा, कंबर अमेरिकेची, वर मिटणारे-उघडणारे दिवे जपानी, आणि हे सगळं इतकं घोटायचं की कुठल्याच कंपनीच्या वकिलाला बोट ठेवता येऊ नये. कमीत कमी तीन आईबाप असल्याशिवाय गाडी पास करायची नाही हा तुमच्याकडचा नियम. आत्या म्हणाली, "एवढ्या चौकशा तर लग्न जमवतानाही करत नाहीत." आणि नाव म्हणे नुसतं इटालियन वाटावं म्हणून ठेवतात, अर्थ काहीच नाही. तोरेल्ला! मला तर खाज आल्यावर लावायचं मलम वाटलं.

पण रेघोट्या, यात नवीन काय सांगितलंस? पिवळी तरी कुठे आभाळातून पडली? तिचं नाक तू न्हाव्याच्या दुकानातल्या कॅलेंडरवरून उचललंस. दाढीला जाणाऱ्या बाबांबरोबर जाऊन रोज त्या लाल गाडीकडे टक लावून बसायचास. शेपटी तुझ्या मोडक्या खेळण्यातल्या गाडीची. मग गॅरेजच्या फरशीवर खडूने अख्खी गाडी काढलीस, आणि बाबा ओरडायचे सोडून त्या रेघेवर पत्रा मांडून बसले. तेव्हापासून तू रेघोट्या. रेघ तुझी, हे मी कधीच नाकारलेलं नाही. उजवी बाजू बाबांची. डावी माझी. म्हणजे पिवळीचे आईबाप बरोब्बर तीन. तुमच्याच नियमाने मोज. तू एकाला घराबाहेर काढलंस.

आता मुद्द्याचं. तुमच्या वकिलीणबाईंचंही पत्र आलंय. ही गाडी जगात एकच आहे, तिची मालक मी आहे, तेव्हा संमतीची सही हवी, नाहीतर पूर्ण गेम बाजारात येताना तोरेल्ला त्यातून काढावी लागेल. डॉक्टरकडचा आहे तो नुसता चाचणीचा. मार्च संपला की सगळ्या गाड्यांना कुलूप लागणार, मग कुणालाच हात लावता येणार नाही. हे सगळं तू तुझ्या पत्रात का नाही लिहिलंस? ताई बिचारी भोळी, सही करून मोकळी होईल, असं वाटलं?

सही करीन. डाव्या बाजूवर. ती नसेल तर सही नाही.

तुझी ताई


८ मार्च

रेघोट्या,

तुझी साहेबीण कबूल होईल की नाही ठाऊक नाही म्हणतोस, पण मापं पाठव म्हणतोस. सोबतच्या नळकांड्यात मापं आहेत.

त्यासाठी पिवळी भिंतीपासून हलवावी लागली. बाबा गेल्यापासून ती जागची हलली नव्हती. टायर फरशीला धरून बसलेले. टायरवाले काका आले, आत्या आली, डॉक्टर पुन्हा फाटकाला धडकून आला होता त्यालाही लावला कामाला. तो म्हणाला, "ताई, माझी पाठ." मी म्हटलं, "डॉक्टर, तुम्ही लोकांच्या दाढा उपटता, ही तर नुसती ढकलायचीये." आत्या ढकलण्यापेक्षा हुकूमच जास्त सोडत होती. शेवटी चाकं सुटली आणि गाडी अशी भसकन पुढे आली की काका पार बादलीत बसले.

डाव्या बाजूवर कोळ्यांचा संसार. फडक्याने पुसली. बऱ्याच दिवसांनी हात फिरवला.

फोटो पाठवत नाही. फोटोत उजेड जिथून पडेल तसा फुगवटा दिसतो, त्यावर माझा विश्वास नाही. म्हणून पुठ्ठ्याचे साचे कापलेत. मडगार्डवर आडवे धरून, पत्र्याला नीट बसेपर्यंत कातरलेले. प्रत्येकावर कुठला कुठे ते लिहिलंय. नाकापासून मागे क्रमाने लाव, म्हणजे तुझ्या टेबलावर माझी बाजू उभी राहील.

लावताना तुला दिसेल की ती बाबांच्या बाजूपेक्षा उंच आहे, बोटाच्या जाडीएवढी. "ताईचं चुकलं" म्हणून सरळ करायला जाशील, म्हणून आधीच सांगते. बाबांचा लाकडी ठोकळा, ज्यावर त्यांनी उजवं मडगार्ड बसवलं, तो तडकला होता. माझ्याकडे वाळूची पिशवी, हातोडी आणि डोळे. बाबा गाडीत स्टिअरिंगमागे बसून राहायचे, घरात त्यांना करमायचं नाही. मी ठोकायची, ते काचेतून बघायचे. बोलणं तेव्हा अडखळत होतं त्यांचं. मडगार्ड बसवलं आणि मलाच दिसलं की जास्त फुगलंय. काढायला लागले तर त्यांनी हाक मारून थांबवलं. बाहेर आले, चांगला हात या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला आणि म्हणाले, "राहू दे. दुरुस्त करू नको. ही तुझी."

आयुष्यभर लोकांचे पोचे सरळ करणारा माणूस "दुरुस्त करू नको" म्हणाला. त्यांच्या तोंडून मला मिळालेली तेवढीच शाबासकी आहे. तू घरी नव्हतास, म्हणून तुला हे कधी कळलं नाही.

चिरा मात्र काही सजावट नाही. धुराड्याचा पाइप त्या बाजूने जातो, आत भट्टी पेटते. चिरा नसतील तर रंग उकळून सोलून निघेल. उजवीकडे त्यांचं काम नाही, म्हणून उजवीकडे नाहीत.

डॉक्टरने त्याचं ते यंत्र माझ्याकडे ठेवलंय. मी फक्त अभ्यासासाठी बघते, खेळत नाही.

तुझी ताई


१९ मार्च

रेघोट्या,

साहेबीण नाही म्हणाली. कारण काय तर एका गाडीला दोन वेगळ्या बाजू दिल्या तर यंत्राच्या डोक्यावर दुप्पट ओझं, बाकीच्या गाड्या अडखळतील, आणि खेळणाऱ्यांना ती चूकच वाटेल. तू भांडलास असं लिहितोस. कसा भांडलास? माझ्याशी भांडतोस तसा, की साहेबांशी भांडतात तसा, मान खाली घालून?

आणि पुढे, "ताई, हट्ट सोड. सही केली नाहीस तर गाडीच जाईल. अर्धी तरी राहू दे."

चार दिवस हे वाक्य घेऊन फिरतेय. गिऱ्हाइकांवर खेकसले. आत्या म्हणाली, "कर की सही, बापाची गाडी जगभर पळेल." तिचं खोटं नाही. पिवळीला कधी परवाना मिळाला नाही, मिळणारही नाही. हिला पळायला जागा आहे ती तेवढीच. आणि हो, मी खेळते. रोज खेळते. डोंगराचा रस्ता मला पाठ झालाय. चहा निवतो, गिऱ्हाईक ताटकळतं आणि मी वळणावर ब्रेक दाबत असते. कुणाला सांगू नकोस.

त्यात एक बटण आहे, दाबलं की आपण गाडीच्या आत बसतो. समोर काच, पुढे बॉनेट, आणि बॉनेटपलीकडे डावं मडगार्ड. उजवीकडे बसणाऱ्याला सगळ्यात जास्त तेच दिसतं. हे मला आजवर सुचलंच नव्हतं. बाबा त्या जागी महिनोन्‌महिने बसले होते. त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांनी घडवलेली बाजू नव्हतीच, माझी होती. ती वर येताना त्यांनी इंच इंच पाहिली. आणि आता तिथे बसलं की समोर जे दिसतं ते तिथे कधी नव्हतंच.

म्हणून नाही. अर्धी नको. काढून टाका गाडी. मला रडू येईल, तुझं नाक कापलं जाईल, आपण दोघंही जगू. पण माझी सही खोट्या गाडीखाली पडणार नाही.

हे ठरल्यावर जो राग आला तो कुणावर काढू? गेम लावला आणि तुझ्या लाडक्या तोरेल्लाची डावी बाजू कठड्यावर घासत नेली. ठोक ठोक ठोकली. चांगला खोल पोचा पाडला, अगदी डॉक्टरच्या दर्जाचा. उजवीला खरचटलंही नाही, ती बाबांची. फोटो जोडलाय. भिंतीवर लाव.

तुझी ताई


२७ मार्च

रेघोट्या,

पत्रापर्यंत थांबवेना म्हणून तू आत्याच्या फोनवर फोन केलास, आणि मीही घेतला. आपण दोघं फोनवर बोललो आणि कुणी आपटला नाही, याची नोंद व्हावी. पण तू इतक्या भरभर बोललास की मला निम्मं कळलं. जे कळलं ते लिहिते, चुकलं तर सांग.

मी फोटो पाठवला तो तुझ्या नाकावर टिच्चून. तू मात्र त्याच्याकडे बघत बसलास आणि तुझी ट्यूब पेटली. डावीकडे पोचा आला तर उजवीकडे का नाही आला? कारण धडक बसली की कुठला पत्रा किती आत दबायचा, हे तुमच्या गेमला प्रत्येक बाजूचं वेगळं सांगायची सोय आधीपासूनच आहे. ती सगळ्या गाड्यांना आहे, तिचं ओझं आधीच मोजलेलं आहे, म्हणजे साहेबिणीचं कारणच उरलं नाही. आणि जो पत्रा आत दाबता येतो तो बाहेरही काढता येतो. तू माझे पुठ्ठे काढलेस आणि डाव्या मडगार्डला एक उलटा पोचा दिलास. आतून बाहेर. बोटाच्या जाडीएवढा.

रेघोट्या, हे कुणाचं डोकं आहे ठाऊक आहे ना? ठोकणाऱ्यांच्या घरचंच. तू किती का पडदे रंगव.

चिरा आणि झाकण सुटे भाग म्हणून लावलेस, म्हणजे बाकीची गाडी आरशात धरल्यासारखी तशीच राहिली तरी ते एकाच बाजूला राहतात. हेही समजलं. पण "दुरुस्ती"चं बटण दाबलं की मशीन पोचा समजून माझी बाजू सपाट करतं हे तू हसत हसत सांगितलंस, त्यात हसण्यासारखं मला काही दिसलं नाही. बाबांनी काय म्हटलं होतं ते तुला लिहिलंय. कुलूप लागायच्या आत ते बघ. त्या बटणाला सांग, दुरुस्त करू नको.

सहीचा कागद समोरच आहे. पेन पण आहे. बघते, मग करते.

तुझी ताई


३१ मार्च

रेघोट्या,

आज सकाळी डॉक्टरच्या यंत्रावर चाचणीचा नवा गेम उतरला. डॉक्टर दवाखाना उघडायच्या आधी येऊन बसला होता, टायरवाले काका आले, आत्या तर न्हाऊनबिऊन आली, जसं काही घरात पाहुणे येणार आहेत.

सगळीकडून फिरवून पाहिली. पेट्रोलचं झाकण एकच. काका म्हणाले, "चला, रॉकेलचा खर्च वाचला." तीन चिरा जागच्या जागी. मधली किंचित तिरकी आहे, ती माझ्या हातून तशी झाली होती, आणि तू ती तशीच ठेवलीस. पुठ्ठ्यावर तो तिरकेपणा नव्हता. म्हणजे तुला आठवत होती. तू त्या दिवशी भिंतीच्या फटीत डोकं घालून बघितलंस ना? फोटो निघेना, पण बघितलंस. आत्याने आज कबूल केलं, तू बाहेर आलास तेव्हा तुझ्या केसांत कोळ्याची जाळी होती.

मग गाडी कठड्यावर आपटली. पहिल्यांदा मी, मग डॉक्टरने, त्याचा हात त्यात बसलेला आहे. डावी बाजू पार चेपली. दुरुस्तीचं बटण दाबताना आत्याने माझा दंड धरून ठेवला होता. पत्रा वर आला. सपाटीला थांबला नाही. आणखी वर आला, बोटाच्या जाडीएवढा, आणि मगच थांबला.

मग मी आत बसायचं बटण दाबलं. समोर काच, बॉनेट आणि माझं मडगार्ड. डॉक्टरने कधी नव्हे ते यंत्र माझ्या हातातून मागितलं नाही. मी डोंगराचा रस्ता लावला आणि बाबांना फिरवून आणलं. सावकाश. सगळे पुढे गेले, शेवटचा नंबर आला, येऊ दे.

सही केली. सोबत आहे, वकिलीणबाईंना दे. साहेबिणीला सांग, खेळणाऱ्यांपैकी कुणी विचारलंच की ही गाडी एका बाजूला उंच का, तर ती चूक नाही, एका बाईचा हात आहे.

आणखी एक. मापं घेतल्यावर पिवळी पुन्हा जागेवर लावायची होती. काका म्हणाले, आधीसारखीच लावू. मी म्हटलं, नाही, फिरवून लावा. त्यामुळे आता बाबांची बाजू भिंतीकडे आहे आणि माझी दाराकडे. बाबांची तुला तशीही पाठ आहे.

अनेक आशीर्वाद. मागचे राहिलेलेही धर.

बघायला ये. आत्याकडून किल्ली घेऊ नकोस, मी गॅरेजमध्येच असते.

तुझी ताई